खालून पाहणाऱ्या वानखडे बाई

कोणतीही वस्तू हातात आली की वानखडे बाई आधी ती उलटी करून पाहत. चहा संपला की कपाचं बूड, नवा बाक आला की वाकून त्याच्या खालचे खिळे, पुस्तक आलं की त्याची शिवण. मी सोनाळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारण्याआधी माझा जेवणाचा डबा उचलला आणि उलटा केला. बुडावर माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आईने दिला, की न विचारता आणलात?" मी म्हटलं, न विचारता. "छान केलंत," म्हणाल्या. तोवर आतलं वरण झाकणातून माझ्या रुमालावर उतरलं होतं. त्यांनी ते पाहिलं, झाकण काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि रबर कुठे झिजलं आहे ते मला दाखवलं. माफी मागायची असते हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मी साताऱ्याकडची, अबोल, चार पुस्तकं जवळ असली की माणसांशिवाय चालणारी. पुढे बाईंच्याच घरी माडीवरची खोली मी भाड्याने घेतली. त्या शाळेत विज्ञान शिकवत. शाळेच्या फाटकाच्या आत त्यांची भाषा छापील असे आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. "काऊन?" म्हणजे 'का?', हा त्यांचा आवडता शब्द मात्र फाटक जुमानत नसे, तो वर्गातही यायचा.

एकदा नववीच्या वर्गात विजेच्या घंटीचा प्रयोग फसला. दुसरं कुणी असतं तर पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून मोकळं झालं असतं. बाईंचा चेहरा उजळला. "चुकलं? बेस झालं. आता कारण शोधायला मिळेल." त्यांना वाटलं सेल संपले आहेत. नव्हते. मग वाटलं तार आतून तुटली आहे. तीही नव्हती. रोज तासाला त्या एक अंदाज मांडत, रोज तो खोटा ठरे, आणि वर्ग दुसऱ्या दिवशी लवकर येऊन बसे. घंटी अखेर वाजली ती पट्टीवरचा गंज घासल्यावर, आणि तोही बाईंनी नव्हे, चिडलेल्या शिपायाने सहज घासला होता. बाईंनी त्याला वर्गात बोलावलं आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

बाजारात त्यांच्यासोबत जाण्याची मला धास्ती वाटे. भाजीवाल्याच्या तराजूचं पारडं त्या उचलून खालून पाहत. एकदा एक म्हातारा फार दुखावला. चोर समजता का मले, म्हणाला. बाई म्हणाल्या, "नाई हो बाबा. तुमच्या वजनावर भरोसा हाय. हे लटकलं कसं, ते पाहून राह्यली." मग दोघं मिळून पारड्याच्या साखळ्या पाहत बसली आणि मी भाजीची पिशवी धरून उन्हात उभी.

अशा या बाई आपल्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, लग्न झाल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं. त्या घराण्याची रीतच तशी होती. धाकट्याच्या बायकोने भासऱ्यापुढे पदर घ्यायचा, खुर्चीवर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही. भासऱ्यांना सगळे दादा म्हणत. त्यांचं घर बाईंच्या घराला लागून, अंगण एकच. सांगायचं असलं तर मधल्या कुणाला तरी सांगायचं आणि त्याने ते पलीकडे पोचवायचं. पलीकडचा माणूस हातभर अंतरावर असला तरी. आधी बाईंचे यजमान हे काम करत. ते गेल्यावर मुलगा मनोज करू लागला.

मी एकदा धीर करून विचारलं, तुम्ही मुलांना कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका म्हणून सांगता, मग हे का? त्या हसल्या. "सासूबाईनं सांगतलं तवा मी पण विचारलं होतं, काऊन? त्यायनं उत्तर नाई देल्लं. मंग म्या म्हटलं, पाहू तं खरं, न बोलता घर चालते का. प्रयोग सुरू हाय अजून."

मनोज अपघातात गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. त्या दुःखाबद्दल मी इथे लिहिणार नाही, बाईंनाही ते आवडलं नसतं. एवढंच सांगते की त्या घरात एक विचित्र शांतता आली. दादा आणि बाई यांच्यामधला शेवटचा माणूस गेला होता. मनोजची बायको सीमा, तीही चुलतसासऱ्यांसमोर पदर घेऊन दाराआड राहणारी. निरोप न्यायला कुणी उरलं नाही. काही दिवस दोघं भिंतीकडे तोंड करून बोलत. मग हळूहळू मी त्या भिंतीच्या जागी आले. दादा पूर्वी बाईंना 'मन्याची माय' म्हणत. आता माझ्यामार्फत बोलताना ते 'मास्तरीण' म्हणू लागले होते.

वर्ष सरत आलं तशी दादांनी गोष्ट काढली. सीमाचं माहेर जानेफळचं. तिचा भाऊ तिला न्यायला तयार होता. "मॅडम, मास्तरणीले सांगा, पोरगी तरणी हाय. मास्तरीण उद्या रिटायर होईन, परवा थकंन. मंग ते इथं कोनाच्या भरोशावर राहीन?" यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सीमाला जायचं नव्हतं. तिने मेहकरला संगणकाचा अभ्यासक्रम केलेला होता आणि बाईंच्या पुढच्या खोलीत एका जुन्या संगणकावर ती गावातल्या मुलींना शिकवू लागली होती. माहेरी भावाच्या घरी ती पाहुणी झाली असती, इथे ती कुणाची तरी मॅडम होती. ती हे मोठ्याने कधी बोलली नाही. भावाचा फोन आला की मात्र तिच्या हातून काहीतरी सांडायचं.

बाईंनी ठरवलं की वर्गाला सरकारी परीक्षेची मान्यता घ्यायची. मान्यता आली म्हणजे मुलींना परीक्षेसाठी बाहेरगावी जावं लागणार नाही, फी येईल, आणि सीमाचं पोट तिच्या हातात राहील. दादांनीही माझ्यामार्फत कबूल केलं की मान्यता आली तर ते काही बोलणार नाहीत. नाही आली तर भाऊ येऊन घेऊन जाईल. तपासणीची तारीख ठरली, भावाचा यायचा दिवसही तोच ठरला.

मान्यतेची एक अट अशी होती की एक तरी संगणक नव्या क्षमतेचा हवा. तयार घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुटे भाग आणून जोडायचं ठरलं. आणि इथे सोनाळ्याची एक सवय आडवी आली. आमच्याकडे एखाद्या वस्तूसाठी कुणी मुद्दाम शहरात जात नाही. कोण कुठे चाललं आहे ते पाहायचं आणि त्याला सांगायचं. चष्म्याची काच, पंपाचा पट्टा, लग्नाचा शालू, सगळं असंच येतं. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, अकोल्याला गेलेल्या एका शिक्षकाने आणली. प्रोसेसर, म्हणजे त्या पाटीच्या मधोमध बसणारी आणि सगळे हिशेब करणारी चिप, पुण्याहून येणाऱ्या भाच्याने आणली. दोघांना खोबणीचं, म्हणजे पाटीवर चिप जिथे बसते त्या जागेचं, नाव एकच सांगितलं होतं आणि दोघांनी बरोबर तीच वस्तू आणली होती.

चिप हातात आल्यावर बाईंनी काय केलं ते सांगायला नको. उलटी केली. खाली केसासारख्या बारीक सोनेरी पिनांची दाट रांग होती, गव्हाच्या कोवळ्या शेतासारखी. एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण होता आणि पाटीवरच्या खोबणीलाही तसाच त्रिकोण. "पाहा मॅडम," म्हणाल्या, "वरून साऱ्या सारख्याच दिसतात. ओळख खालून असते." त्रिकोणाशी त्रिकोण जुळवून चिप ठेवली तर ती जोर न लावता आपल्या वजनानेच आत उतरली. सीमाने वर पंखा बसवला, वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

तपासणी दोन दिवसांवर होती. सीमाचा चेहरा मला पाहवेना. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र घंटीच्या वेळचा तो उजेड आला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. त्यांनी मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबराने घासली. काही नाही. मग वीज कमी पडत असेल म्हणून जुन्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा काढून लावला. काही नाही. मग पडदाच बिघडला असेल म्हणून तो बदलला. संध्याकाळी सीमा स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "आई, पुरे करा." बाई तिथेच थांबल्या. खुर्चीवर बसल्या, आणि तो उजेड गेलेला मी पहिल्यांदा पाहिला. "चुकलं तं बेस झालं म्हणते मी," त्या हळूच म्हणाल्या, "पन ह्या चुकीची किंमत मले नाई, सीमाले द्या लागंल."

सकाळी त्यांनी अकोल्याच्या दुकानदाराला फोन केला. तो बराच वेळ बोलला आणि बाई मध्येमध्ये काऊन, काऊन करत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी मला समजावलं. खोबणी एक असली तरी पाटीच्या पोटात स्वतःचं एक छोटं ज्ञान भरलेलं असतं. कोणकोणत्या चिपा आपल्या, हे ती त्यावरून ओळखते. ही पाटी कारखान्यातून निघाली तेव्हा ही चिप जन्मलीच नव्हती. म्हणून चिप आत बसली, पण पाटीने तिला ओळखलं नाही. "बसलं म्हंजे जुळलं असं नसते, मॅडम."

यावर उपाय होता. पाटीला नवं ज्ञान द्यायचं. ते दुकानदार पेन ड्राइव्हमध्ये भरून दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देणार होता. पण ते द्यायचं तर पाटी आधी सुरू व्हायला हवी, आणि सुरू व्हायचं तर तिच्या ओळखीची, त्याच खोबणीची जुनी चिप हवी, घटकाभरासाठी. मी विचारलं, ती कुठे मिळणार? बाईंनी अंगणापलीकडे पाहिलं. दादांच्या बैठकीत सुट्टीपुरत्या येणाऱ्या नातवासाठी घेतलेला संगणक होता, वर क्रोशाचं आच्छादन घातलेला. सीमाला त्याची माहिती होती, चिप त्याच खोबणीची आणि जुनी. तो संगणक अख्खा आणून ठेवला असता तरी मान्यतेच्या अटीत बसला नसता. पण पाटीला जागं करायला तो पुरेसा होता.

बाई अंगणातल्या तुळशीपाशी पदर घेऊन, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. दादा ओट्यावर. मी मध्ये.

"मॅडम, दादाईले सांगा, त्यायच्या कम्प्युटरची चिप घटकाभर पायजे."

मी सांगेपर्यंत दादा ऐकलंच नसल्यासारखे बसून राहिले. मी सांगितल्यावर म्हणाले, "मास्तरणीले विचारा, काळीज काढून नेलं तं मांगं राहीन काय त्याच्यात?"

"सांगा, संध्याकाळच्या आत होतं तसं बसवून देईन."

दादांनी वळून आपल्या बैठकीकडे पाहिलं. ही चिप दिली तर आपण ठरवलेलं आपल्याच हाताने मोडेल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. शेवटी उठले. "मास्तरणीले सांगा, म्या काही सीमाच्या वाईटावर नाई. न्या. पन म्या पन येतो. मायी वस्तू हाय."

त्यामुळे एसटी येऊन पेन ड्राइव्ह हाती आल्यावर पुढच्या खोलीत दादा खुर्चीवर, बाई पदर घेऊन टेबलाजवळ उभ्या, सीमा आतल्या दाराआड आणि मी नेहमीच्या जागी, मधोमध. दादांच्या संगणकातून पंखा काढताना बाईंनी तो आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवला, कारण पंखा आणि चिप यांच्यामधला, उष्णता ओढून घेणारा लेप वाळलेला होता आणि ओढला असता तर चिप त्याच्यासोबत उपटून पिना वाकल्या असत्या. दादा मान पुढे काढून पाहत होते. चिप निघाली. बाईंनी ती उलटी धरली आणि न बोलता जरा दादांच्या बाजूला कलती केली. दादांनी चष्मा लावून पाहिलं. "मॅडम, या एवढ्याले पिना?" मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मी म्हटलं, हो.

जुनी चिप नव्या पाटीवर बसली, बटण दाबलं, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सीमा दाराआडून इंग्रजी वाचून सांगत होती, बाई कळा दाबत होत्या. पेन ड्राइव्ह लागला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरू लागली.

तेवढ्यात दादांनी घड्याळ पाहिलं. आमच्याकडे तेव्हा भारनियमनाचं वेळापत्रक ठरलेलं असे आणि संध्याकाळची लाइट जायची वेळ होत आली होती. लाइट जायच्या आधी यंत्र बंद करायचं, हे गावातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं. चालू पंपावर, टीव्हीवर लाइट गेली की वस्तू जळते, असा सगळ्यांचा अनुभव. दादांचा नातूही तसंच करी. पट्टी अर्ध्यावर रेंगाळली होती. "मॅडम, अटकलं वाटते ते. लाइट जाऊन राह्यली, बंद करा लागंल, नाई तं जळंल," असं म्हणत दादा भल्या मनाने उठले आणि त्यांचा हात टेबलावरच्या बॅटरीच्या डब्याच्या, म्हणजे लाइट गेल्यावर संगणक थोडा वेळ चालवणाऱ्या डब्याच्या, बटणाकडे गेला.

मी तोंड उघडलं, पण काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दादा, हात काढा तिथून."

दादांचा हात हवेत थांबला. दाराआड सीमाच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम गप्प झाल्या. बाईंचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं त्यांना भान नव्हतं. त्या पट्टीकडे पाहत होत्या. दादा बाईंकडे पाहत होते. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली.

मग दादांनी हात खाली घेतला आणि विचारलं, "काऊन वो, मन्याची माय?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगतात तशा सांगू लागल्या, "आता ते शिकून राह्यलं, दादा. जुनं पुसलं अन् नवं लिहिनं सुरू हाय. मधातच तोडलं तं जुनं गेलंच अन् नवं येनार नाई. मंग कोनतीच चिप त्याले जागं करू शकनार नाई."

"अन् तेवढ्यात लाइट गेली तं?"

"ह्या बॅटरीवर थोडं तग धरीन. नाई धरलं तं गेलं."

दादा परत खुर्चीवर बसले. आम्ही सगळे पट्टीकडे पाहत राहिलो. ती भरली. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि त्याच सुमारास छताचा पंखा मंदावत थांबला. लाइट गेली होती. बाईंनी कळ दाबून संगणक बंद केला, जुनी चिप काढली आणि आतल्या दाराकडे पाहून म्हणाल्या, "सीमा, इकडं ये. नवी तू बसव."

सीमा चुलतसासऱ्यांसमोर, खोलीच्या मधोमध आली. तिने त्रिकोण पाहिला, चिप ठेवली, ती उतरली. लाइट येईपर्यंत कुणीच उठलं नाही. लाइट आली, बटण दाबलं, आणि पडद्यावर पहिल्याच ओळीत नव्या चिपचं नाव उमटलं. पाटीने तिला ओळखलं होतं.

बाईंनी दादांचा संगणक होता तसा जोडून दिला. जाताना दादा उंबऱ्यात थांबले. पदर पुन्हा डोक्यावर आला होता, आणि दादाही पुन्हा माझ्याकडेच वळून बोलले. "मॅडम, मास्तरणीले सांगा, सीमाच्या भावाले म्या आताच फोन करतो. उद्या येऊ नको म्हंतो."

मी म्हटलं, अजून तपासणी व्हायची आहे.

"होवो का न होवो," दादा म्हणाले, आणि निघून गेले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी संगणक सुरू करून पाहिला, सीमाला दोन प्रश्न विचारले, चहा घेतला आणि गेले. मान्यता आली. बाईंना तेवढीच खंत राहिली की साहेबांनी कशाच्याही खाली वाकून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळनंतर बाई आणि दादा पुन्हा थेट बोलल्याचं मला आठवत नाही. रीत होती तशी सुरू झाली. मी बाईंना छेडलं, प्रयोग तर संपला, आता का? त्या म्हणाल्या, "एकदा जुळलं हाय ना, मंग रोजरोज उघडून काऊन पाहाचं?" वस्तू उघडण्याचा इतका सोस असलेल्या बाईंच्या तोंडी हे ऐकून मी चकित झाले. विचारायचं होतं, पण मी अबोल, राहून गेलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्गात दोन खोल्या वाढल्या, संग्रामपूरहूनही मुली येऊ लागल्या. बाई मागच्या बाकावर बसून मुलींना भंडावून सोडत. मागच्या उन्हाळ्यात सकाळी अंगण झाडताना त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. आत बायकांमध्ये सीमा बसली होती. कुंपणाबाहेर वर्गातल्या मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या. त्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, पण आत यायचं कसं आणि विचारायचं कुणाला, हे त्यांना सुचत नव्हतं. घरात सुतक, वर्गाला कुलूप. एक म्हातारी त्यांना जायला सांगू लागली.

दादा आता फार थकले आहेत. ते काठीवर भार देत अंगण ओलांडून आले आणि बायकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. सवयीने मी उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सीमा," ते म्हणाले, "वर्ग उघड. सुतक आपल्याले हाय, पोरीईले नाई."

सीमाने तोंडावरून हात फिरवला, पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांच्या मधून उठून पुढच्या खोलीकडे गेली. थोड्या वेळाने तिकडून कळांचा आवाज येऊ लागला, आधी एक, मग अनेक.